पावलांची रोजकीर्द

लेखा विभागात ३१ वर्षं काढलेल्या बाईचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला, तेव्हा मी बँकेवरच चिडले होते. घरी येऊन जुन्या कागदांशी ताडून पाहिलं तर खरंच, पहिलं अक्षर ठीक आणि पुढे मुंग्यांची रांग. चष्मा बदलला. मग उजवा खांदा आखडला, त्याला सहा महिने शेक दिला. शेवटी इथे नागपुरात धंतोलीतल्या एका न्यूरॉलॉजिस्टांनी मला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, "चालताना ह्यांचा उजवा हात हलतो का?" हलत नव्हता. अंगाला चिकटल्यासारखा लटकत होता आणि घरात कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. एमआरआय स्वच्छ निघाला, तरी पार्किन्सन्सच. हे निदान मुख्यतः असं पाहून, बोटं आपटायला लावून, चालवूनच करतात. कंपवात म्हणतात म्हणून मी कंपाची वाट पाहत बसले होते. माझा कंप जेमतेम होता, आजार मात्र पायात उतरला होता.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळीइतकंच चालणंही औषध समजा. झालं, नातीनं त्याच संध्याकाळी माझ्या फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं, १०,००० चं टार्गेट लावलं आणि ती पुण्याला कॉलेजला निघून गेली. हा आकडा डॉक्टरांचा नाहीच म्हणे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर पसरला. तेव्हा मला हे कुठलं माहीत? रोज रात्री नऊला फोन वाजायचा, 'अजून ८,७०० बाकी.' थकबाकीच्या नोटिसा मी आयुष्यभर लोकांना पाठवल्या. स्वतःच्या नावानं यायला लागल्यावर जेवण गोड लागेना.

मग मी फोनचंच ऑडिट काढलं. धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये मोजून १०० पावलं टाकली. फोननं दाखवली ५८. आमची पावलं घासत, छोटी छोटी पडतात, शरीराला हिसका बसत नाही, त्यामुळे फोनला ती पावलं वाटतच नसावीत. उलट गोकुळपेठ ते सीताबर्डी ऑटोनं गेले तर खोदलेल्या रस्त्याच्या कृपेनं बसल्या जागी १४० पावलं जमा! अर्धा दोष फोन कुठे ठेवला याचाही होता. पुरुषांचं बरं असतं, पँटीच्या खिशात टाकला की झालं. साडीला खिसा कुठे? पर्समधला फोन पर्सच्या चालीनं चालतो. शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडून परकराला कमरेशी घट्ट खिसा शिवून घेतला. तो हसला, पण शिवला चांगला. त्यानंतर १०० ला ८३ यायला लागली. मध्ये तीन दिवस आकडा शून्यावरच अडकला होता, कारण बॅटरी वाचवायच्या नादात फोन ॲपला झोपवून टाकत होता. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढावं लागतं. हे कोणी सांगत नाही.

टार्गेट मी स्वतःच २,००० वर आणलं आणि शेजारी एक वही ठेवली. चार रकाने: गोळीची वेळ, खाणं, पावलं, शेरा. पंधरा दिवसांत जे दिसलं ते नुसत्या ॲपमध्ये कधीच दिसलं नसतं. सकाळची गोळी मी लहानपणच्या सवयीनं कपभर दुधाबरोबर घ्यायची, आणि त्या दिवशी ९ वाजेपर्यंत शेरा एकच, 'पाय जड'. डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, "दूध कशाला?" लेव्होडोपा, म्हणजे माझ्या गोळीतलं औषध, आणि प्रोटीन आतड्यातून रक्तात जायला एकाच दारातून धक्काबुक्की करतात, दूध, डाळ, पनीर जिंकलं की गोळी मागे राहते. आता गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा तास तरी आधी. आणि फोनची रात्री नऊची ती नोटीस बंद करून गोळीनंतर ४५ मिनिटांनी आठवण लावली. रात्री नऊला गोळीचा असर उतरलेला असतो, तेव्हा मला 'चला, उठा' म्हणण्यात काय अर्थ आहे? ॲप बनवणाऱ्याला माझ्या गोळीचं वेळापत्रक माहीत नाही, ते मलाच शिकवावं लागलं.

एकदा हाव नडली. १,९८० झाली होती, घराजवळच फोन बाहेर काढला आणि आकडा बघत चालले. पडले. मनगट सुजलं, हाड वाचलं. चालणं ज्याचं आपोआप होतं त्याला हातातला फोन परवडतो. आमच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी झालेल्या, प्रत्येक पाऊल लक्ष देऊन उचलावं लागतं. ते लक्ष फोनकडे गेलं की पाय पोरका होतो. आता आकडा फक्त घरी, खुर्चीत बसून पाहायचा.

पण आकड्यानं काही पाय उचलले जात नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात मी गोठायची. उंबऱ्याशी आले की तळव्यांना कोणी डिंक लावल्यासारखं व्हायचं, वरचं अंग पुढे आणि पाय मागे. धुणीभांड्याची बाई एकदा म्हणाली, "मावशी, तुमी अशा काहून चिपकल्या जमिनीले?" यापेक्षा अचूक वर्णन मी कुठल्या दवाखान्यात ऐकलं नाही. फिजिओथेरपिस्टनं दारापाशी फरशीवर लाल टेपच्या आडव्या पट्ट्या लावायला सांगितल्या, एकेक पट्टी ओलांडायची. आणि फोनमध्ये मेट्रोनोमचं फुकट ॲप घ्यायला लावलं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ठेका देणारं. आतला ठेका बिघडला की बाहेरचा उसना घ्यायचा. मी मिनिटाला साधारण ८४ पावलं टाकत होते, आम्ही ९० वर लावलं. पहिल्या दिवशी टिक-टिक सुरू झाली आणि मी टाच आधी टेकवत सरळ दारातून पार गेले. हे पेपर खाली ठेवून बघत राहिले.

मधे मला वाटलं, टिकटिकीपेक्षा भजन लावावं. लावलं. विलंबितात छान चालले; भजन दुगुनीत गेलं तसे पाय पण पळायला लागले, पावलं आखूड आणि तोंड पुढे. भिंत होती म्हणून वाचले. परत टिक-टिक.

यंदा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. पहाटे पाचला गोळी, पावणेसहाला ट्रॅफिक पार्क, साडेसहाच्या आत घरी. उरलेलं चालणं घरातच, देवघर ते गॅलरी, कूलरचं पाणी सांडलेली जागा टाळून. सध्या वहीत दिवसाला २,६०० ते ३,१०० असतं, वाईट दिवशी ९००. वाईट दिवसाचा आकडाही मी खोडत नाही, नोंद म्हणजे नोंद. कधी कधी मी दारात अजूनही गोठते, मग मनातल्या मनात टिक-टिक म्हणते. दहातल्या सहा-सात वेळा पाय सुटतो.

परवा फोन चार्जिंगला होता म्हणून घर शांत होतं. बाई पोछा मारता मारता थांबली. "मावशी, ते टिकटिक लावा न. मलेही पोछा माराले बरं वाट्टे."