महिन्यातून नऊ वेळा

दिवाळी झाली आणि लगेच आईला घेऊन जपानला जाऊन आले, माझा भाऊ बाळू ओसाकाला नोकरीला असतो, तीन वर्षं झाली घरी आला नव्हता, मग आईच म्हणाली की त्याला सुट्टी मिळेना तर आपणच जाऊन येऊ की. ओसाका बघितलं, छान आहे, पण त्याबद्दल काही लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते कोयासानबद्दल, तिथं एकच रात्र राहिलो पण सोलापूरला आल्यापासून मनातून जातच नाहीये.

कोयासान म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा भागात साधारण 800 मीटर उंचीवरचं देवळांचं गाव, आजूबाजूला आठ शिखरं आणि मध्ये शंभरावर मंदिरं. 816 साली राजाकडून ही जागा मागून कुकाई नावाच्या साधूनं इथं मठ उभा केला, त्याला सगळे कोबो दाइशी म्हणतात. नांबा स्टेशनवरनं ट्रेन धरायची, हाशिमोतो गेलं की गाडी डोंगरात शिरते, बोगदे, वळणं, खाली दरी, आणि शेवटी गोकुराकुबाशी. तिथनं पाच मिनिटांची केबल कार, आणि ती इतकी उभी चढते की आईनं माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. वर उतरल्यावर थंडी अशी की ज्याचा मे महिना 44 डिग्रीत जातो त्याला ती सांगून कळायची नाही. झाडं लाल पिवळी झालेली आणि मधूनमधून काळपट हिरवे उंचच उंच देवदारासारखे वृक्ष, त्यांना जपानीत सुगी म्हणतात. आईला हे नाव फार आवडलं, आमच्याकडं सुगी म्हणजे ज्वारी काढायचे दिवस, घरात धान्य यायचे दिवस.

स्टेशनवरनं गावात बसनंच जावं लागतं, आणि वाटेत पहिल्यांदा लागतं ते न्योनिन्दो, बायकांचं देऊळ. छोटंसं आहे, लाकडी. बाळूनं सांगितलं की शेकडो वर्षं बायकांना वर डोंगरावर यायलाच बंदी होती, त्या इथपर्यंत यायच्या, इथंच रात्र काढायच्या आणि इथनंच हात जोडून परत जायच्या. अशी सात देवळं होती, आता एवढं एकच राहिलंय. बंदी सरकारनं 1872 साली उठवली, पण वर प्रत्यक्षात बायका राहायला लागायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. आई काही बोलली नाही, बस पुढं निघाली तरी मान वळवून बघत राहिली.

राहायची सोय मंदिरातच असते, शुकुबो म्हणतात त्याला. चटईची खोली, सरकती कागदी दारं, जमिनीवर गादी. जेवण संध्याकाळी साडेपाचलाच, भिक्षूंचंच जेवण, मांस मच्छी तर नाहीच पण कांदा लसूण पण नाही. परदेशात आई खाणार काय ही मला निघाल्यापासून काळजी होती आणि इथं चातुर्मासातलं ताट समोर आलं! कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, तो रश्श्यात शिजवून फुगवलेला, आणि गोमा-दोफू, तो मात्र सोयाबीनचा नसून तिळाचा असतो, मऊ, जिभेवर ठेवला की विरघळतोय. आईनं पिशवीतनं शेंगाचटणीची पुडी काढली आणि भातावर चिमूटभर घेतली, तीळ आणि शेंगा, दोन्ही आपलेच की म्हणाली. रात्री मंदिरानं दिलेल्या जाड दुलईच्या आत तिनं आपली सोलापुरी चादर पांघरली, तेव्हा कुठं तिला झोप लागली.

पहाटे सहाला प्रार्थना. अंधार, सोनेरी दिवे, धुपाचा वास आणि भिक्षूंचा एका सुरातला घोगरा पाठ. शब्द एकही कळत नव्हता, पण शेवटी शेवटी सारखं सोवाका सोवाका ऐकू यायला लागलं आणि बाळू हळूच म्हणाला, ताई, हे स्वाहा आहे. अंगावर काटा आला माझ्या. नंतर शेजारच्या हॉलमध्ये अग्नी पेटवला, त्या विधीला गोमा म्हणतात आणि तो शब्द होमावरनंच आलाय. कुकाई 804 साली चीनला गेला, तिथं संस्कृतही शिकला आणि दोन वर्षांनी हे सगळं घेऊन परतला. तेव्हापासून हे मंत्र रोज म्हटले जातायत.

मग ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना ते सुगी आणि त्यांच्या बुडाशी दोन लाखांवर समाध्या. मोठमोठे सरदार आहेत, एकमेकांच्या जिवावर उठलेलेसुद्धा, ओदा नोबुनागा पण इथं आणि त्याच्यावर उलटलेला आकेची मित्सुहिदे पण इथंच. लाल आंगडी घातलेल्या लहान लहान जिझोच्या मूर्ती, जिझो म्हणजे मुलांना सांभाळणारा बोधिसत्त्व. एक स्मारक तर वाळवीचं, औषध मारणाऱ्यांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी बांधलेलं, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

बऱ्याच समाध्या एकावर एक पाच दगडांच्या आहेत. खाली चौकोनी, वर गोल, मग तिरपं छप्पर, मग अर्धगोल, टोकाला थेंबासारखा, पृथ्वी आप तेज वायू आकाश. प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं. आईनं शेवाळ न खरवडता नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली हे आपल्यासारखंच वाटतंय गं पण वाचता येईना. सिद्धम् लिपी आहे ती, ब्राह्मीतनंच आलेली, खालनं वर अ, व, र, ह, ख. मग तिनं पाचही अक्षरं बोट ठेवत ठेवत मोठ्यानं म्हटली, लहान मुलं अंकलिपी वाचतात तशी.

शेवटच्या पुलाच्या पलीकडं फोटो काढायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. तिथं कुकाई आहे. होता नाही, आहे, कारण 835 साली तो समाधीत बसला आणि अजून बसलेलाच आहे असं तिथले लोक मानतात. रोज दोन वेळा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीतनं त्याला जेवण घेऊन जातात, आधी चव बघणाऱ्या जिझोला दाखवून. आम्ही साडेदहाचं बघितलं. आईनं चप्पल काढली, पदर सारखा केला आणि हात जोडून उभी राहिली. दर सोमवारी सिद्धेश्वरला जाऊन सिद्धरामेश्वरांच्या समाधीपुढं उभी राहते, अगदी तशीच. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही, समाधीतल्या माणसाचा नैवेद्य चुकवायचा नसतो हे तिला माहितीच आहे.

परतताना गाडीत बाळूनं सहज सांगितलं, आई, पुढं कुदोयामा स्टेशन लागतं, कुदोयामा म्हणजे नऊ वेळांचा डोंगर. कुकाईची आई म्हातारपणी त्याला बघायला आली, पण बाई म्हणून तिलाही वर जाता येईना. मग ती पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरात राहिली आणि तिला भेटायला तो महिन्यातनं नऊ वेळा डोंगर उतरून यायचा, अशी आख्यायिका आहे.

"चालत?" आईनं विचारलं.

"चालतच. वीस किलोमीटरच्या वर आहे."

आई म्हणाली उतरू या. सामान होतं, हॉटेल गाठायचं होतं, तरी उतरलो, अर्धा तास चालत गेलो. जिसोन-इनमध्ये गर्दी नव्हती. बायका तिथं बाळंतपणासाठी, दूध यावं म्हणून, स्तनाच्या आजारासाठी नवस बोलतात आणि कापडाचे स्तन करून वाहतात, ओळीनं टांगलेले होते, कुणीतरी बारीक टाके घालून हातानं शिवलेले. आईनं त्यातल्या एकाची शिवण जवळ जाऊन बघितली. देवळामागच्या पायऱ्यांवर वर जाणाऱ्या वाटेचा पहिला दगड आहे, माणसापेक्षा उंच, तोच पाच आकारांचा, 180 नंबरचा. इथनं वरच्या मोठ्या लाल मंदिरापर्यंत दर एकशे नऊ मीटरवर असा एकेक दगड.

आई त्या पायरीवर बसली. बाळू तिच्या शेजारी बसला. परतीची ट्रेन कधीची आहे ते मी मोबाईलवर बघितलं, निघायला हवं होतं, पण त्याचा हात हातात घेऊन ती त्याला एकदोनतीन करत वरचे दगड मोजून दाखवायला लावत होती आणि दोघांना झाडीतनं जेमतेम एकच दिसत होता, म्हणून मी मोबाईल परत पर्समध्ये ठेवला.