फलकावरची एक ओळ

प्रदर्शनाचा फलक छपाईला जाण्याआधी प्रयोगशाळेत तपासायला आला. त्यावर लिहिलं होतं: ‘अर्पानेट उभारल्याबद्दल सर्फ आणि कान यांना 2005 मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम.’ साल बरोबर, नावं बरोबर, काम मात्र दुसरंच. विंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावर, काम केलं होतं हे खरं. पण पदक टीसीपी/आयपीसाठी, म्हणजे वेगवेगळी जाळी जोडून त्यांतून माहिती पोचवायच्या नियमांसाठी. 1997 चं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजीही त्याच कामाचं.

हा फरक सांगून कळत नाही, म्हणून टेबलावर दोन लिनक्स मशीन एका केबलने जोडली. 100 एमबीची फाइल टीसीपीने पाठवायची आणि वाटेत 10 टक्के पॅकेट, म्हणजे फाइलचे छोटे तुकडे, मुद्दाम पाडायची, त्यासाठी लिनक्समधलं नेटएम. पहिल्या फेरीत वेगाला धक्काच लागला नाही! कारण साधं होतं: नेटएम फक्त बाहेर जाणारी पॅकेट पाडतं, आणि मुलांनी ते फाइल घेणाऱ्या मशीनवर लावलं होतं. तिथून निघतात त्या पोचपावत्या. एखादी हरवली तरी पुढची पावती ‘इथपर्यंत सगळं मिळालं’ असंच सांगते, त्यामुळे काही अडत नाही.

नेटएम पाठवणाऱ्या मशीनवर लावल्यावर वेग एकदम कोसळला. तरी मोजमापावर भरवसा ठेवू नका, आधी इथटूल या आज्ञेने टीएसओ आणि जीएसओ या तुकडे एकत्र ठेवणाऱ्या सोयी बंद करा. त्या चालू असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बरेच तुकडे एकाच गठ्ठ्याने खाली सोडतो आणि नेटएम अख्खा गठ्ठा पाडतं; मग ते 10 टक्के कशाचे, हेच कळत नाही. पॅकेटची नोंद ठेवणारं वायरशार्क घेणाऱ्या बाजूला लावा. पाडलेली पॅकेट पाठवणाऱ्या बाजूच्या नोंदीत येतच नाहीत.

शेवटी एमडी5, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण, दोन्हीकडे सारखं आलं: हरवलेले तुकडे टीसीपीने परत पाठवले होते. तीच फाइल हरवलेलं परत न पाठवणाऱ्या यूडीपीने पाठवली तर मधले तुकडे गायब, एमडी5 वेगळं.

अर्पानेटवर हरवलेलं परत पाठवायची जबाबदारी जाळ्यातल्याच आयएमपी नावाच्या यंत्रांवर होती. हनिवेल 516 या संगणकावर बांधलेली, सेकंदाला 50 किलोबिटच्या लाइनींनी जोडलेली. जाळं सगळं नीट पोचवतं, असं जाळ्याला जोडलेल्या यजमान संगणकांवरचं एनसीपी, म्हणजे टीसीपीच्या आधीची नियमावली, धरून चालायचं. उपग्रह आणि रेडिओची जाळी जोडायची म्हटल्यावर ते चालेना. 1974 च्या शोधनिबंधात सर्फ आणि कान यांनी ती जबाबदारी टोकांच्या संगणकांवर टाकली, आणि 1 जानेवारी 1983 ला अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं.

पॅकेट स्विचिंगचं, म्हणजे माहितीचे तुकडे करून पाठवायच्या कल्पनेचं, श्रेय वेगळ्या रांगेत आहे: पॉल बॅरन यांना नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन, लेनर्ड क्लाइनरॉक यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स. दोन्ही पदकं 2007 ची, पण दिली गेली 2008 मध्ये. फलकवाले इथेही हमखास घसरतात.

दुरुस्त मजकूर चौकटीत मावेना. आयएमपीचं छायाचित्र थोडं लहान केलं, ओळ पूर्ण ठेवली.