चंगीझ खानाच्या मोहिमांचा हाती काढलेला नकाशा : तिसऱ्या टप्प्याची नोंद

ए१ आकाराचे दोन कार्ट्रिज कागद जोडून, १ सेंमी = ५० किमी या प्रमाणात सुरू केलेल्या नकाशावर १२०६ च्या ओनोन नदीकाठच्या कुरुलताईपासून (मंगोल सरदारांच्या सभेपासून) १२२३ च्या काल्का नदीवरील लढाईपर्यंतच्या रेषा आता शाईने पक्क्या झाल्या आहेत. मात्र जिंकलेला प्रदेश एका रंगाने भरण्याचा मूळ विचार मी सोडून दिला. सपाट रंगामुळे सत्ता सर्वत्र सारखीच होती असा भास होतो. प्रत्यक्षात हे साम्राज्य उभे राहिले ते वाटांवर आणि वेळ साधण्यावर.

याची प्रचिती ख्वारझमच्या, म्हणजे मध्य आशियातील शाहच्या राज्याच्या, भागात आली. १२१८ मध्ये तेथील ओत्रार शहराच्या सुभेदाराने, इनालचुकने, मंगोलांकडून आलेल्या व्यापाऱ्यांचा तांडा हेर ठरवून कापून काढला. फारसी तवारिखांत ही संख्या सुमारे ४५० दिली आहे. पुढच्या वर्षी चंगीझचे सैन्य ओत्रारला पोहोचले आणि तेथून माझ्या निबला चार दिशांना जावे लागले. त्याचे मुलगे चगताई व ओगदाई वेढ्याला राहिले, थोरला जोची सिर दर्या नदीच्या काठाने खाली उतरला, एक तुकडी खोजंदकडे वळली आणि स्वतः चंगीझ धाकट्या तोलुईसह किझिलकुमचे वाळवंट ओलांडून १२२० च्या आरंभी बुखाऱ्यासमोर उभा राहिला, म्हणजे ज्या बाजूने कोणी येईल असे शाहला वाटले नव्हते त्या बाजूने. सैन्य असे फोडूनही ते विस्कटले नाही, कारण चंगीझने टोळ्यांची जुनी नाती मोडून दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्या तुकड्या बांधल्या होत्या. माझ्या मते त्याच्या साऱ्या विजयांचे मूळ या रचनेत आहे.

दोन चुका दुरुस्त केल्या. मंगोलियातील काराकोरम शहर १२०६ च्या थरावर राजधानी म्हणून दाखवले होते. त्याची तटबंदी ओगदाईने १२३५ मध्ये उभारली, म्हणून तो ठिपका ब्लेडने खरवडून काढला. अरल समुद्राचा किनारा आजच्या अॅटलासवरून गिरवला होता आणि तो गेल्या काही दशकांत आटलेला किनारा निघाला. त्या काळचा किनारा नेमका ठरवणे अवघड असल्याने तेथे तुटक रेषा ठेवली आहे.

मर्व, निशापूर, गुरगंज ही १२२१ मध्ये उद्ध्वस्त झालेली शहरे लाल शाईच्या पोकळ वर्तुळांनी दाखवली. हे काम मी एका बैठकीत पुरे करू शकलो नाही. ही वर्तुळे माणसांची आहेत, हे हातातल्या निबला विसरू देणे मला योग्य वाटले नाही.

त्याच वर्षी सिंधूकाठी हरलेल्या जलालुद्दीनने, ख्वारझमच्या शाहच्या मुलाने, घोडा नदीत घातला आणि तो पैलतीरी पोहोचला. दिल्लीच्या इल्तुत्मिशने त्याला आश्रय दिला नाही. ही रेषा आपल्याकडे येणारी म्हणून मी ती जरा ठळक काढली आहे.

पुढच्या टप्प्यात १२२७ मधील चंगीझच्या मृत्यूनंतरचा वारसा दुसऱ्या कागदावर येईल: मुलांमध्ये झालेली वाटणी, ओगदाईने व्यवस्थित बसवलेली याम ही घोडेडाक आणि चगताईच्या वंशातून बाबराच्या आईपर्यंत, कुतलुग निगार खानमपर्यंत, आलेली बारीक रेषा. आपल्या ‘मोगल’ या शब्दाचे मूळ ‘मंगोल’ असल्याने त्या रेषेच्या टोकाला तो शब्द लिहिण्यासाठी जागा आखून ठेवली आहे.