डिस्टॉर्शन बंद केल्यावर: एका मेटलवाल्याची ब्लूजची वही

मंडळी, अकरा वर्षं डेथ मेटल वाजवतोय. सात तारांची गिटार, गेन भरपूर, म्हणजे आवाज फाटेस्तोवर डिस्टॉर्शन. मार्चपासून आमचा ड्रमर बाप झालाय, त्यामुळे बँड झोपलेला आहे, आणि मी कपाटावरची धूळ खाल्लेली अकूस्टिक खाली काढली. चार-पाच अंधाऱ्या, ब्लूज-कंट्री वळणाच्या चाली करायच्या, त्याही मराठीत, एवढाच बेत. कुठवर आलो त्याची ही नोंद.

खूळ डोक्यात घातलं ते बेहेमॉथचा गायक-गिटारवाला नेर्गलने. बेहेमॉथ कोणाला सांगायला नको. १९९१ पासून ग्दान्स्कमधून चाललेला पोलिश मेटल बँड. नेर्गलला २०१० मध्ये रक्ताचा कर्करोग झाला, अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, त्यातून उठून त्याने २०१४ ला ‘द सेटनिस्ट’ हा अल्बम केला. त्यानंतर सगळे आवाजाच्या आणखी मोठ्या भिंतीची वाट बघत होते, तर २०१७ मध्ये हा गडी जॉन पोर्टरला घेऊन गिटार खाजवत, जड आवाजात गुणगुणत समोर आला. पोर्टर मूळचा इंग्रज, १९७०च्या दशकापासून पोलंडमध्ये मुरलेला गायक-गिटारवाला. प्रोजेक्टचं नाव मी अँड दॅट मॅन. देवनागरीत लिहिलं की अर्धं नाव आपोआप मराठी होतं, हे मला फार आवडतं.

पुढे पोर्टर बाहेर पडला आणि २०२० व २०२१ मध्ये पाहुण्यांनी भरलेले दोन अल्बम आले. २०२० च्या अल्बममध्ये मेटल बँडांचे गायक: एम्पररचा इसान, स्लिपनॉटचा कोरी टेलर, ट्रिव्हियमचा मॅट हीफी. मजा आहे, पण मला ते लग्नाच्या पंगतीसारखे वाटतात, सगळं चविष्ट आणि कशाचीच चव लक्षात राहत नाही. पोर्टरबरोबरच्या २०१७ च्या अल्बममध्ये दोन माणसं आणि त्यांचे आवाज उघडे पडलेत. नेर्गल काही मोठा गायक नाही. माझ्यासारख्याला धीर आला तो त्यामुळेच.

४ मे

पहिला दिवस, पहिली नामुष्की. मेट्रोनोम ६६ वर (मिनिटाला ६६ ठोके) लावला आणि अंगठ्याने एकच खर्जाची तार ठोकत राहायची, बोटांनी वर काहीतरी खेळायचं, एवढंच. फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड केलं. मेट्रोनोम बंद करून वाजवलेला भाग मोजला तर शेवटी ७४ वर पोचलो होतो. २२० वर ट्रेमोलो पिकिंग (एकच स्वर भराभर छेडणं) करणारा हात ६६ वर धावत सुटतो! वेगात एखादा ठोका पाव केस इकडेतिकडे गेला तर कळत नाही, डिस्टॉर्शन त्यावर सायीसारखं पसरतं. इथे दोन ठोक्यांच्या मध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो.

म्हणजे अंगठा हाच ड्रमर. आमचा तर बाळाचे लंगोट बदलतोय.

९ मे

ट्यूनिंगमध्ये घबाड सापडलं. मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावचा ब्लूजवाला स्किप जेम्स मायनर ओपन ट्यूनिंगमध्ये वाजवायचा. १९३१ मध्ये त्याने विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, मंदीत ते खपलं नाही आणि माणूस दिसेनासा झाला. १९६४ ला शोध घेणाऱ्यांना तो टुनिकाच्या इस्पितळात सापडला. त्याचा आवाज उंच, पातळ, भुतासारखा. ब्लॅक मेटलची थंडी ज्यांना आवडते त्यांनी आधी हे ऐकावं, कॉर्प्सपेंट (त्या बँडांचा प्रेतासारखा मेकअप) नंतर.

ट्यूनिंग असं: डी-ए-डी-एफ-ए-डी. आपल्याला ड्रॉप डी माहीतच आहे, सहावी तार ई वरून डी वर. त्यात तिसरी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर खाली आणायची, झालं. मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण डी मायनर.

मी ते छेडत बसलो होतो. आई शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, “अरे, हा तर तंबोराच लावलास. फक्त कोमल गंधार कशाला घुसडलायस त्यात?” बघितलं तर खरंच: सा-प-सा-ग॒-प-सा. अकरा वर्षांत माझ्या वादनावर आईने दिलेली ही पहिली प्रतिक्रिया. याआधीची ‘दार लाव’ अशी होती.

१८ मे

स्लाइड, म्हणजे तारांवर काच किंवा धातू सरकवत वाजवणं. ब्लूजचा संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला तारांवर सुरी घासत वाजवताना ऐकलं, असं त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणून मीही सुरी घेतली. दहा मिनिटांत आईने ती परत मागितली, आणि बरंच झालं, कारण बोटातून निसटून फ्रेटबोर्डवर एक ओरखडा उठलाच होता.

मग काचेची बाटली कापायचा विचार केला आणि लगेच सोडला. लिटल फीट या अमेरिकन बँडचा लोवेल जॉर्ज स्पार्क प्लगच्या पान्याचा सॉकेट बोटात घालून वाजवायचा. त्या आधारावर रविवारी जुन्या बाजारात गेलो, मांडून ठेवलेल्या गंजक्या पान्यांमधून करंगळीत बसेल असा सॉकेट शोधला. विक्रेत्याने विचारलं, “कुठल्या गाडीचा पाहिजे?” म्हटलं, गिटारचा. त्याने दहा रुपये कमी केले, बहुधा दयेने.

सॉकेट जड आहे, आणि तेच हवं. दाबायचं नाही, नुसतं तारेवर ठेवायचं, वजन त्याचं ते काम करतं. माझ्या तीन चुका:

एक, फ्रेटच्या मागे धरत होतो. स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या अगदी डोक्यावर हवी, नाहीतर सूर उतरतो. दोन, मागची बोटं उचललेली. ती तारेवर हलकी टेकवली नाहीत तर मागून शिट्ट्या येतात. तीन, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. मेटलवाल्यांना तारा फ्रेटला चिकटलेल्या लागतात, तिथे सॉकेट खडखडतो. सॅडलखाली (पुलावरची, तारा टेकतात ती पट्टी) जुन्या एटीएम कार्डाची पट्टी कापून सरकवली आणि १३चा जाड सेट चढवला, म्हणजे पहिली तार ०.०१३ इंचाची. आता खालच्या फ्रेटवर कॉर्ड धरताना डोळ्यांत पाणी येतं, पण स्लाइड गाते.

आणि गंधाराचं भांडण इथे मिटलं. ब्लूजचा तो प्रसिद्ध तिसरा स्वर कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये कुठेतरी राहतो. फ्रेटवर तो नाहीच; तार खेचून नाहीतर स्लाइडने गाठायचा. मी तो लावला की स्वयंपाकघरातून “तुझा ग खोटा लागतोय”. मी म्हणतो, “खोटाच लावायचाय.” तिला मींड पटते, मुक्कामाची जागा पटत नाही.

२ जून

कंट्रीकडे वळलो. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमर नव्हता. तो आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवायचा, त्याचा स्नेअरसारखा खरखरीत आवाज यायचा. शेजारी त्याचा गिटारवाला ल्यूथर पर्किन्स खालच्या तारा तळव्याने दाबून टिक-टॅक चालवायचा. म्हणजे पाम म्यूट! आपण थ्रॅश मेटलमध्ये करतो तोच हात, तीच जागा, पुलाजवळ (ब्रिज, जिथे तारा गिटारच्या पोटावर बांधलेल्या असतात). तो आगगाडी चालवायचा, आपण रणगाडे चालवतो. आठवड्याभरात माझी सगळ्यात वेगाने जमलेली गोष्ट हीच.

कागदाचे प्रयोग: कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान घडी करून घातलं, फार जाड, तारा मेल्या. वाण्याचं बिल फार पातळ, फाटलं. वहीचं एक साधं पान लांबट दुमडून, एका तारेवरून, दुसरीखालून असं विणलं, तेव्हा बरोबर खरखर आली. पुलापासून चार बोटं अंतर ठेवा.

मेटल आणि हे सगळं एकमेकांपासून लांब आहे असं म्हणणाऱ्यांनी निर्माता रिक रुबिनकडे बघावं. १९८६ ला स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ त्याचा, आणि १९९४ ला म्हाताऱ्या कॅशसमोर नुसती गिटार ठेवून केलेला ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ही त्याचाच. त्यात एक गाणं मेटलवाल्या ग्लेन डॅन्झिगने कॅशसाठी लिहिलेलं आहे. आणि हेवी मेटलचा मूळपुरुष ब्लॅक सॅबथ १९६८ मध्ये सुरू झाला तेव्हा नाव होतं पोल्का टल्क ब्लूज बँड. आपण माहेरीच चाललोय, फक्त मागच्या दाराने.

१५ जून

शब्द. इथे सगळ्यात जास्त अडलो.

क्रॉसरोडवर सैतानाला आत्मा विकण्याची गोष्ट आपण ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनला चिकटवतो. पण दुसऱ्याच एका ब्लूजवाल्याबद्दल, टॉमी जॉन्सनबद्दल, त्याच्या भावाने, लेडेलने, ती सांगितलेली आहे. मी मराठीत ‘सैतान’ लिहून बघितलं, एकदम डब केलेला सिनेमा. ‘वेताळ’ लिहिलं तर चांदोबा. दोन्ही खोडले. मग लक्षात आलं, चौरस्त्याची भीती आपल्याकडे आहेच की. आजोळी कोकणात तिठ्यावर उतारा टाकलेला असायचा, नारळ, लिंबू, दहीभात. आजी हात धरून लांबून न्यायची, “ओलांडू नको” एवढंच म्हणायची. कोणाचा, कशासाठी, हे कधीच सांगायची नाही.

ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा येते, तिसरी तिला उत्तर देते. त्या साच्यात हे बसलं:

तिठ्यावर दिवा ठेवलाय कुणी, वात अजून ओली
तिठ्यावर दिवा ठेवलाय कुणी, वात अजून ओली
माझ्याच नावानं ठेवलाय म्हणे, आई काही नाही बोलली

मराठीचा एक फायदा: ओळीच्या शेवटी स्वर लांबवता येतो. ‘ओली’चा ई स्लाइडवर सोडून दिला की तो कोमल नि पर्यंत घसरत जातो.

आवाजाचं मात्र कठीण आहे. ग्राउल (मेटलमधलं घशातून गुरगुरणं) करताना शब्द कुणाला कळत नाहीत, मी त्या पडद्याआड अकरा वर्षं सुखात होतो. आता खर्जात, जवळजवळ बोलल्यासारखं गातोय. ड्रमरला क्लिप पाठवली. त्याचं उत्तर: “शब्द कळतायत रे तुझे. विचित्र वाटतंय.” मग दहा मिनिटांनी: “बाळ झोपलं यावर.” हे कौतुक आहे की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

२९ जून

रेकॉर्डिंग. एकच माइक, बाराव्या फ्रेटकडे तोंड करून, एक वीत लांब. आधी आवाजाच्या भोकासमोर ठेवला होता, सगळं घुमत होतं. मागे दांडीवर आईच्या दोन गोधड्या. पंखा बंद, त्यामुळे दर टेकनंतर हात पुसायचे, तरी तारा घामाने मऊ पडतात. गाणं आणि गिटार एकत्रच घेतो. वेगळं घेतलं तर अंगठा पुन्हा पळतो. गाताना श्वास लागतो म्हणून तो आपोआप थांबतो. ६६ ला सुरू, ६७ ला शेवट. मे महिन्यापासूनची खरी प्रगती म्हणाल तर ही एवढी.

दोन चाली पूर्ण, तिसरी अर्धी. तिसरीत एक रिफ आहे, आमच्याच जुन्या गाण्यातली, तिप्पट संथ केलेली. वेगात ती भयंकर वाटायची. संथ केल्यावर कळलं की चारातले दोन स्वर उगाच होते, ते काढले.

अडचण एकच उरलीय. सहावी तार ५६ची आहे, डी वर आणली की सॉकेटखाली लोळते, सूर हलतो. ५९ किंवा ६० लावून कुणी स्लाइड वाजवलीय का? नटची (मानेच्या टोकाला तारा बसतात ती पट्टी) खाच घासावी लागते का? हातातली एकमेव अकूस्टिक आहे, कानस लावायच्या आधी विचारतोय.