वाशीचा जुना खाडीपूल आणि काँक्रीटच्या पोटातली केबल

मुंबईला ठाण्याच्या खाडीपलीकडच्या वाशीशी जोडणारा, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ ला सुरू झाला. माझं ठाम मत आहे की स्वातंत्र्यानंतर मुंबईचा नकाशा जितका या एका पुलाने बदलला तितका दुसऱ्या कुठल्याच बांधकामाने बदलला नाही. त्याआधी गाडीने पनवेल-पुण्याकडे जायचं म्हणजे वर ठाण्यापर्यंत जायचं आणि तिथून वळसा घालून खाली यायचं, समोर दिसणाऱ्या किनाऱ्यावर जायला एवढी फिरती. आणि मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली ती १९९२ ला, म्हणजे जवळजवळ १९ वर्षं नवी मुंबईतली माणसं, मार्केटचा माल, सगळं या एकाच पुलाच्या जिवावर चाललं होतं. वाशीत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, एसटी नाहीतर बेस्टमध्ये बसून पुलावर आलं की खिडकीतून येणारा तो चिखलाचा खारा वास सगळ्यांना आठवतो.

हा पूल त्या काळाच्या एका मोठ्या विचाराचा भाग होता. १९४८ च्या मोडक-मेयर आराखड्यात उपनगरांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांची कल्पना होती (हे मोडक म्हणजे ज्यांच्या नावाने मोडक सागर आहे तेच नानासाहेब मोडक, आपण रोज त्यांचं पाणी पितो आणि नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं). मग १९६५ ला केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर झाला, मुंबईतला पहिला, खर्च साधारण साडेसतरा लाख, डिझाईन इंजिनिअर शिरीष पटेल यांचं. त्याच वर्षी पटेल आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेकडे लांबच लांब ताणत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे नवीन शहर करा. पुढे १९७० ला ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. पण कागदावरचं शहर प्रत्यक्षात यायला आधी खाडी ओलांडायला हवी होती, आणि ती ओलांडली प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटने. मला खरं बोलायचंय ते या मटेरियलबद्दलच.

काँक्रीट दाबाला भक्कम आणि ओढलं की लगेच तडकतं, हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला सगळे शिकतात. म्हणून ओढ घ्यायला आत सळ्या टाकतात. प्रीस्ट्रेसिंगची गोष्ट वेगळी, त्यात पुलावर एकही गाडी यायच्या आधीच आतल्या पोलादी केबल जॅकने खेचून टोकांना अडकवून टाकतात, आणि त्या आकसायला बघतात म्हणून काँक्रीट कायम दाबाखाली राहतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती गार होताना आवळत जाऊन सगळे तुकडे घट्ट धरते, तसंच हे. मग वरून ट्रक गेला तरी काँक्रीटला ओढ लागत नाही, फक्त आधीचा दाब थोडा कमी होतो.

ऐकायला सोपं आहे पण हे जमायला कित्येक वर्षं गेली. आधीच्या लोकांनी साध्या पोलादाने करून बघितलं आणि काही महिन्यांत सगळा ताण गायब. कारण काँक्रीट वाळताना आकसतं आणि सतत दाबाखाली असलं की हळूहळू आणखी आखूड होत जातं, याला क्रीप म्हणतात. साध्या सळीला तुम्ही ताण देणार १४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास, आणि आकसणं अधिक क्रीप मिळून तेवढाच ताण खाऊन टाकतं, हातात शून्य. फ्रेंच इंजिनिअर युजीन फ्रेसिने याने हे ओळखलं. त्याचा अलिये नदीवरचा कमानींचा पूल, ल व्हर्द्र नावाच्या गावाजवळचा, बांधून झाल्यावर मधे खाली बसायला लागला होता, तेव्हा त्याने कमानीच्या माथ्याशी जॅक लावून पूल परत वर उचलला. काँक्रीट वर्षानुवर्षं हलत राहतं हे तिथे त्याने डोळ्यांनी बघितलं. मग त्याचं उत्तर असं की पोलादच असं घ्या की त्याला हजाराच्या वर ताण देता येईल, त्यातले दीडशे-दोनशे गेले तरी बाकीचे कामाला उरतात. पेटंट १९२८ चं. पण जगाने ते खरं उचललं दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण युरोपातले पूल उद्ध्वस्त झालेले आणि पोलादाची टंचाई. मार्न नदीवरचा त्याचा लुझान्सीचा पूल १९४६ चा, ५५ मीटरचा एकच स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) आणि इतका सडपातळ की आजही फोटो बघून मन भरत नाही, आणि त्याच नदीवर नंतर पाच पूल ७४ मीटरचे.

आपल्याकडे टंचाई तर पाचवीलाच पुजलेली. त्यामुळे कमी पोलादात लांब पूल देणारं हे तंत्र आपल्या इंजिनिअर लोकांनी फार लवकर उचललं, आसाम रेल लिंकवर १९४९ च्या सुमाराला रेल्वेचे प्रीस्ट्रेस्ड पूल झाले आणि १९५४ ला तामिळनाडूत चेंगलपट्टूजवळ पालार नदीवर रस्त्याचा पूल झाला. देश नवा, पैसा नाही, हायटेन्साइल (जास्त ताण सोसणारी) तार मिळायची मारामार, आणि ही माणसं जगातलं सगळ्यात नवीन तंत्र वापरत होती. मला या पिढीबद्दल खूप आदर आहे आणि पुढे जे लिहितेय ते त्यांना दोष द्यायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते.

दुखणं कुठे आलं तर ग्राउटिंगमध्ये. केबल ज्या पोकळ नळीतून जाते तिला आपण शीथिंग म्हणतो, तेव्हा ती पातळ पत्र्याची असायची. केबल खेचून झाली की त्या नळीत सिमेंटचं पातळ ग्राउट पंपाने भरायचं, म्हणजे तारा बंद होतात आणि गंजत नाहीत. आता ही नळी सरळ नसते, पिअरपाशी (म्हणजे खांबापाशी) वर आणि स्पॅनच्या मधे खाली अशी वळत जाते, आणि ग्राउटमधलं जादा पाणी वर येऊन उंच जागी साठतं, ते पाणी आटलं की तिथे पोकळी. म्हणजे केबलला संरक्षण नाही ते नेमकं पिअरच्या वर, जिथे डेकवरचं, म्हणजे वरच्या रस्त्याच्या स्लॅबवरचं, पाणी मुरतं आणि जिथे बऱ्याचदा एक्स्पान्शन जॉइंट (पूल तापून-गार होऊन कमीजास्त होतो त्यासाठी सोडलेली फट) पण जवळ असतो. बाहेरून काय दिसतं? काहीच नाही.

आमचे सासरे पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, कोकणातल्या पुलांवर बरीच वर्षं काढलेली. त्यांना मी विचारलं होतं की अप्पा, तेव्हा ग्राउट पूर्ण भरलं की नाही हे कळायचं कसं, तर म्हणाले, "अगं दुसऱ्या टोकाने दाट ग्राउट बाहेर आलं की भरलं असं धरायचं, आत डोकवायला काय होतं आमच्याकडे?" बारा-सातची केबल म्हणजे ७ मिलिमीटरच्या १२ तारा, टोकाला तारा अडकवून ठेवणारा फ्रेसिनेचा कोन (शंकूसारखी पाचर) ठोकलेला, हे सगळं ते अजून हाताने आकार करून दाखवतात. पुढे म्हणाले, "स्ट्रेसिंगच्या दिवशी साहेब लोक हजर, ग्राउटिंगला आम्ही आणि मजूर." हे वाक्य मी विसरू शकत नाही कारण आजही साइटवर चित्र फार वेगळं नाहीये.

साध्या आरसीसीची (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) सळी गंजली की गंज फुगतो, कव्हर म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर उडतो, तांबडे डाग पडतात, म्हणजे ती ओरडून सांगते. केबलचं तसं नाही. तारा बारीक आणि प्रचंड ताणलेल्या, त्यांना खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने एक खड्डा पाडला की तिथून तार तुटते, आतल्या आत, आणि पूल वरून धडधाकट दिसतो. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती, खारी हवा, पावसाळाभर आर्द्रता आणि वर त्या काळचं काँक्रीट आजच्या मानाने सच्छिद्र आणि कव्हर कमी. सुरू झाल्यावर काही वर्षांतच वाशीच्या पुलाला तडे दिसायला लागले आणि केबल गंजल्याचं कळलं. मग बाहेरून जादा केबल घालून, म्हणजे एक्स्टर्नल प्रीस्ट्रेसिंग करून, त्याला आधार दिला, आणि शेजारी दुसरा पूल बांधायला घेतला तो १९९७ ला सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा हिशोबाने बघितलेल्या गोष्टीला २५ वर्षांच्या आत जोडीदार लागला.

पण वाशीचा पूल निदान उभा राहिला. पणजीचा मांडवीवरचा पूल नाही राहिला. तोही १९७० च्या सुमाराचा, प्रीस्ट्रेस्ड, खाऱ्या पाण्यावरचा, आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला, कारण तेच, गंजलेल्या केबल. नवीन पूल १९९२ ला होईपर्यंत लोक पुन्हा फेरीबोटीवर. त्याच्या आदल्या डिसेंबरात, १९८५ ला, वेल्समध्ये इनिस-ई-ग्वास नावाचा १९५३ चा छोटा पूल आपोआप पडला, वर कुणी नव्हतं म्हणून जीव वाचले. तो तुकडे जोडून केलेला होता आणि तुकड्यांमधल्या मॉर्टरच्या सांध्यात केबल गंजून गेल्या होत्या, आधी काहीच इशारा नाही. ब्रिटनने शेवटी १९९२ ला अशा ग्राउट केलेल्या केबलचे नवीन पूल बांधणंच थांबवलं, १९९६ पर्यंत, नियम सुधारल्यावरच परत परवानगी. म्हणजे चूक एका खाडीवरच्या एका टीमची नव्हती, सगळं जगच तेव्हा शिकत होतं, फक्त आपल्या इथे समुद्र असल्याने आपल्याला धडा लवकर आणि जोरात मिळाला.

म्हणून कुणी "साठ-सत्तर सालची कामं म्हणजे भ्रष्टाचार" असं सरसकट बोललं की मला राग येतो. काही ठिकाणी झालाही असेल, पण या पुलांचं मुख्य दुखणं ज्ञानाचं होतं. आणि दुसरं टोक पण तितकंच चुकीचं, ते म्हणजे "जुनं ते सोनं, ब्रिटिशांचे पूल बघा कसे उभे". दगडी कमानीचा पूल दाबावरच उभा असतो, त्याच्या पोटात ताणलेली तार नाही, तुलना होतच नाही. आणि दगडी कमानींनी ठाण्याची खाडी तेवढ्या पैशात आणि तेवढ्या वेळात ओलांडली असती का? नसती.

मला जे मनापासून हवंय ते रेकॉर्ड. प्रत्येक जुन्या प्रीस्ट्रेस्ड पुलाचं स्ट्रेसिंग रजिस्टर, कुठल्या केबलला किती जॅक प्रेशर दिलं, किती लांबली, कधी ग्राउट केली, ते स्कॅन करून कुठेतरी सगळ्यांना बघता येईल असं ठेवलं पाहिजे. मी डिझाईन ऑफिसमध्ये काम करते, जुन्या पुलाच्या तपासणीचं काम आलं की पहिले काही आठवडे ड्रॉइंग शोधण्यातच जातात, आणि बऱ्याचदा मिळतं ते टेंडर ड्रॉइंग, प्रत्यक्ष बांधलं त्याचं नाही. केबल कुठून जाते हेच माहीत नसेल तर ड्रिल कुठे मारणार? अल्ट्रासोनिक, रडार, सगळी मशीन आली तरी धातूच्या शीथिंगच्या आत नीट बघता येत नाही, शेवटी अंदाज करून छोटी खिडकी उघडून आत बघावं लागतं, आणि तेही चालत्या पुलावर, रात्री, ट्रॅफिक अर्धा बंद करून.

तुम्ही कधी पुलाखालून गेलात तर वर बघा. गर्डरच्या (रस्ता पेलणाऱ्या तुळयांच्या) सांध्यातून चुन्याचे पांढरे ओघळ उतरलेत का, पाणी काढायचे पाइप पिअरच्या डोक्यावरच सुटलेत का, जॉइंटमध्ये माती आणि गवत आहे का. यातली प्रत्येक गोष्ट सांगते की पाणी आत जातंय, आणि पाणी अडवायचा खर्च केबल बदलायच्या खर्चासमोर काहीच नसतो. महापालिकेकडे तक्रार करताना खड्डा सोडून या गोष्टींचे फोटो पण टाका.

आता खाडीवर तिसऱ्या पुलाच्या मार्गिका पण आल्यात. शीथिंग आता पत्र्याऐवजी एचडीपीईची (टणक प्लास्टिकची) येते, ग्राउटमधून पाणी सुटू नये म्हणून वेगळं मिश्रण असतं, काँक्रीटचा ग्रेड खूप वर गेलाय. आणि मला सगळ्यात आवडणारी सुधारणा म्हणजे मोठ्या पुलांच्या डिझाईनमध्ये पुढे कधी जादा केबल टाकायची वेळ आली तर तिच्यासाठी जागा आधीच सोडतात, बॉक्स गर्डरच्या (आतून पोकळ तुळईच्या) आत केबलची टोकं अडकवणारे अँकर धरायला काँक्रीटचे ब्लॉक पहिल्याच दिवशी ओतून ठेवायचे. आतून माणूस चालत जाऊ शकतो. गरज पडली तर तिथे केबल टाकणार, ती उघड्यावर राहणार, टॉर्च मारून बघता येणार आणि खराब झाली तर काढून दुसरी बसवता येणार.