घरचा सर्व्हर, अपडेट ६: 'बॅकअप झाला' हा मेसेज आणि खरंच झालेला बॅकअप

मंडळी, मागच्या अपडेटला अडीच महिने झाले. नवीन वाचणाऱ्यांसाठी सेटअप पटकन सांगतो. सांगलीत घरी एक सेकंडहँड ऑफिस पीसी आहे, १२८ जीबीच्या एसएसडीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डेटाबेस, आत १ टीबीची डिस्क त्यात फोटो आणि बाकी डेटा, बॅकअपला बाहेरून लावलेली २ टीबीची यूएसबी डिस्क, आणि शेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो). याशिवाय सांभाळायला काकांच्या मेडिकल दुकानातला बिलिंगचा पीसी, आईचा लॅपटॉप, आणि गल्लीतल्या वाचनालयातले चार पीसी. यातलं एकही काम पगाराचं नाही पण मला ते मनापासून आवडतं, आणि नोकरी सांभाळून एकट्याला झेपायचं असेल तर जे जे परत परत करावं लागतं ते मशीननं केलं पाहिजे, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी जे बिघडलं ते सांगतो, कारण यावेळचं बाकीचं सगळं काम त्यातूनच निघालं.

रोज रात्री दोन वाजता एक स्क्रिप्ट डेटाबेसचे डंप (सगळ्या नोंदींची फाइलीत काढलेली कॉपी) काढून यूएसबी डिस्कवर टाकायची, साधारण ४ जीबी, आणि शेवटी टेलिग्रामवर 'बॅकअप झाला' असा मेसेज यायचा. रोज सकाळी चहा घेताना तो मेसेज बघायचो आणि निवांत व्हायचो. मग एक दिवस फोटोचं ॲप उघडेना, लॉगिन होईना, बघतो तर एसएसडी १०० टक्के भरलेली. झालं असं होतं की एप्रिलमधे वळवाच्या पावसात लाईट गेली, परत आली, पीसी आपोआप चालू झाला पण यूएसबी डिस्कला जागं व्हायला वेळ लागला आणि ती माउंटच झाली नाही (सिस्टिमला जोडलीच गेली नाही), एफएसटॅबमधे म्हणजे डिस्कांच्या यादीत नोफेल ('नसली तरी चालेल') लिहिलेलं होतं त्यामुळे बूट अडलं नाही आणि मला काही कळलंही नाही. माउंट पॉइंटचं, म्हणजे डिस्क जिथे जोडली जाते ते फोल्डर मात्र जागेवरच होतं, रिकामं. स्क्रिप्ट त्या फोल्डरमधे म्हणजे एसएसडीवरच १९ रात्री डंप लिहीत राहिली, एकदाही एरर नाही, एक्झिट कोड शून्य म्हणजे 'सगळं ठीक', आणि १९ सकाळी मला 'बॅकअप झाला'. ज्या डिस्कवर मूळ डेटाबेस त्याच डिस्कवर त्याची कॉपी, म्हणजे डिस्क गेली असती तर दोन्ही गेलं असतं, त्यात वाचनालयाच्या साडेनऊ हजार पुस्तकांच्या नोंदी होत्या ज्या तिथल्या मॅडमनी दोन वर्षं बसून हातानं भरल्यात. त्या दिवशी मला खरंच घाम फुटला.

त्यावर दोन उपाय केले. एक तर स्क्रिप्टची पहिलीच ओळ आता माउंटपॉइंट कमांडनं डिस्क लागलीये का बघते, नसेल तर तिथेच थांबते. दुसरा उपाय मला जास्त आवडला: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस आय ही कमांड लावून ठेवली, म्हणजे ते फोल्डर इम्युटेबल झालं, रूटलासुद्धा त्यात लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की तिची स्वतःची फाइल सिस्टिम वर येते आणि सगळं नेहमीसारखं चालतं, नाही झाली तर जी कुठली स्क्रिप्ट लिहायला जाईल ती लगेच एरर देते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आजच करून टाका.

यावरून गिटलॅब या प्रोग्रॅमचे कोड ठेवायच्या साइटची गोष्ट आठवली, आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली, साधारण ३०० जीबी. मग बॅकअप शोधायला गेले तर डंपच नव्हते, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या व्हर्जन ९.६ चा आणि डंप काढणारं टूल ९.२ चं चालत होतं, ते रोज फेल व्हायचं. फेल झाल्याचे मेल निघायचे पण डीमार्कमुळे (मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का हे तपासायची पद्धत) ते नाकारले जायचे, कुणापर्यंत पोचलेच नाहीत. शेवटी सहा तास आधी सहज काढून ठेवलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची कॉपी) होता त्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतः मोकळेपणानं लिहून ठेवलंय आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तेव्हा वाचताना मी डंपच्या व्हर्जनकडे लक्ष दिलं होतं, मेलवाल्या भागाकडे नाही. आता कळतंय की खरं दुखणं तिथे होतं.

म्हणून आता पद्धत बदललीये. काम झालं का हे त्या कामालाच विचारायचं नाही, त्याचा परिणाम दुसऱ्या बाजूनं तपासायचा.

फोटोंचा बॅकअप मी महिन्यातून एकदा हातानं घ्यायचो, तो आता रोज रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं होतो, सात दिवसांचे, चार आठवड्यांचे आणि सहा महिन्यांचे स्नॅपशॉट राहतात, बाकीचे तो फर्गेट आणि प्रून करून काढून टाकतो. पण त्याच्या 'सक्सेस'चा मेसेज मी बंद केलाय. त्याऐवजी दर रविवारी दुसरी एक स्क्रिप्ट बॅकअपमधून कुठल्याही वीस फाइली उचलते, तात्पुरत्या फोल्डरमधे रिस्टोअर करते आणि मूळ फाइलीशी शा२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) ताडून बघते. डेटाबेसचा डंप तर रोज एका रिकाम्या कंटेनरमधे (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) रिस्टोअर होतो आणि पुस्तकांच्या नोंदी मोजल्या जातात. मेसेज येतो तो 'डंप उघडला, पुस्तकं ९५४२, कालपेक्षा ३ जास्त' असा. आकडा अचानक कमी झाला तर मला लगेच खटकतं. आणि स्क्रिप्ट चाललीच नाही तर काय, त्यासाठी हेल्थचेक्स डॉट आयओ ही इंटरनेटवरची सेवा लावलीये, वीस जॉबपर्यंत फुकट आहे, स्क्रिप्ट संपताना तिथे एक पिंग (छोटा संदेश) मारते आणि ठरलेल्या वेळेत पिंग आला नाही तर तिकडून मला मेसेज येतो. हे बाहेर असणं महत्त्वाचं, घरीच ठेवलं तर लाईट गेल्यावर राखणदारही झोपणार.

ठरल्या वेळी काम चालवणारं जुनं क्रॉन पूर्ण सोडून लिनक्समधल्याच सिस्टमडीच्या टायमरवर आलोय. क्रॉनच्या कामांच्या यादीत (क्रॉनटॅबमधे) टक्क्याचं चिन्ह आलं की तो त्याला नवी ओळ समजतो, तारखेच्या फॉरमॅटमधे टक्का असतोच, त्यापायी पूर्वी माझी एक संध्याकाळ गेली होती. टायमरमधे पर्सिस्टंट ट्रू केलं की पीसी बंद असताना हुकलेलं काम चालू झाल्यावर होतं, आमच्याकडच्या लाईटला हेच बरं.

लाईटवरून, यावेळचं मला सगळ्यात समाधान देणारं काम. घरी इन्व्हर्टर आहे पण त्याला यूएसबी नाही, त्यामुळे लाईट गेलीये हे सर्व्हरला कळायला मार्ग नव्हता, बॅटरी उतरली की पीसी धाडकन बंद. तर एक जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला लावला, एक लॅनची केबल स्विचला, आणि पाय दर मिनिटाला त्याला पिंग करतो. उत्तर नाही म्हणजे लाईट नाही. तो राउटर कधीतरी हँग होतो म्हणून त्याच लाईनवर एक वायफायचा स्मार्ट प्लगही लावला, दोघंही गप्प असतील तरच लाईट गेली असं धरायचं. पंधरा मिनिटं झाली की पाय सर्व्हरला एसएसएचवरून (नेटवर्कवरून कमांड देऊन) नीट शटडाउन करतो, आणि आईच्या पंख्याला बॅटरी उरते.

पण मग चालू कसा करायचा? बायॉसमधलं 'पॉवर आली की चालू हो' हे सेटिंग इथे कामाचं नाही, कारण इन्व्हर्टर चालू असल्यामुळे पीसीच्या दृष्टीनं पॉवर गेलेलीच नसते. इथे वेक ऑन लॅन लागतं, म्हणजे नेटवर्कवरून 'मॅजिक पॅकेट' पाठवून पीसी उठवायचा. मॅजिक पॅकेट म्हणजे सहा बाइट एफएफ आणि पुढे पीसीच्या नेटवर्क कार्डाचा नंबर (मॅक ॲड्रेस) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट, बस. पाय आणि स्विच राउटरच्या मिनी यूपीएसवर असल्यानं जागेच असतात, लाईट येऊन सलग दहा मिनिटं टिकली की पाय पॅकेट सोडतो. दहा मिनिटं यासाठी की आमच्याकडे लाईट येते, जाते, परत येते. मी स्वतः मुद्दाम बंद केलेला पीसी पायनं उठवू नये म्हणून शटडाउन करताना तो एक खुणेची फाइल ठेवतो, ती असेल तरच उठवतो. मे महिन्यात अकरा वेळा लाईट गेली आणि अकराही वेळा सर्व्हर आपला आपण निजला आणि उठला!

वाचनालयाचं थोडक्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ते पीसी विंडोज ११ घेण्यातले नाहीत, म्हणून चारही लिनक्स मिंटवर आणले. अनेक पीसी एकसारखे सेट करणारं ॲन्सिबल नावाचं टूल आहे, त्याचं प्लेबुक (कामांची यादी) केलंय: मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, प्रिंटर, ब्राउझर, सिक्युरिटी अपडेट. अडचण अशी की पीसी संध्याकाळी बंद होतात, मी रात्री घरून प्लेबुक चालवलं की चारही अनरीचेबल. म्हणून ॲन्सिबल पुल लावलं, पीसी चालू झाल्यावर पाच मिनिटांनी तो स्वतःच गिटवरून प्लेबुक ओढून घेतो. मॅडम परवा म्हणाल्या, "अहो, तुम्ही आला नाहीत तरी नवीन प्रिंटर चारही मशीनवर दिसायला लागला!" तेवढ्या एका वाक्यावर पुढचे दोन महिने काम करेन मी.

काकांकडे प्रिंट अडकली की दिवसाला तीन फोन यायचे, "अरे, गिऱ्हाईक उभंय, प्रिंटर रुसलाय बघ." आता डेस्कटॉपवर 'प्रिंटर सुरू करा' नावाची बॅच फाइल आहे, स्पूलर सर्व्हिस (प्रिंटची रांग सांभाळणारी) बंद, अडकलेल्या फाइली साफ, परत चालू. फोन थांबले. आईच्या लॅपटॉपवर टास्क शेड्यूलरचं काम चालत नव्हतं, तिथे 'चार्जरवर असेल तरच चालव' ही टिक आधीपासूनच असते, ती काढली.

सर्व्हरच्या सर्टिफिकेटचंही (ब्राउझरला साइट खरी असल्याची खात्री देणारं) तपासणं बदललं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची सर्टिफिकेट ९० दिवसांची, आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत. पुढे मार्च २०२९ पासून कुठल्याही पब्लिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस होणार आहे, म्हणजे हातानं करायचा विषयच संपला. सीजीनॅटमुळे (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते) बाहेरून पोर्ट उघडत नाही तर डीएनएस चॅलेंज वापरतो, म्हणजे डोमेन माझंच आहे हे त्याच्या डीएनएस नोंदीतून दाखवतो. पण डिस्कवर नवीन फाइल आली तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट देत राहतो, म्हणून पाय रोज बाहेरच्यासारखा कनेक्ट होऊन समोर आलेल्या सर्टिफिकेटची तारीख बघतो, फाइलची नाही.

राहिलं ते घराबाहेरच्या कॉपीचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर बघितलेल्या माणसाला सांगलीतल्या सांगलीत दोन कॉपी ठेवून झोप लागत नाही. पुण्यात आत्याकडे एक पाय आणि डिस्क ठेवलीये, वायरगार्डवरून (इंटरनेटवरची खासगी जोडणी, व्हीपीएन) रेस्टिक रोजचा फरक तिकडे पाठवतो, एन्क्रिप्टेड असतं त्यामुळे तिच्या घरी डिस्क कुणी उचलून नेली तरी फोटो उघडणार नाहीत. पहिली ३४० जीबीची कॉपी २० एमबीपीएसच्या अपलोडवर दीड दिवसावर गेली असती, शिवाय मधे लाईट, म्हणून घरीच भरून एसटीनं घेऊन गेलो. रविवारची वीस फाइलींची तपासणी तिकडेही चालते. पण त्या डिस्कवरून सगळाच्या सगळा डेटा परत आणून मी अजून एकदाही बघितलेला नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय, एक रिकामी डिस्क बॅगेत टाकलीये, आत्याकडे रात्रभर रिस्टोअर लावणार आणि किती तास लागतात ते घड्याळ लावून बघणार. आकडे अपडेट ७ मधे टाकतो.