टेंटरहुक, स्टेंटर आणि टांगणीला लागलेला जीव

भाचीचा बारावीचा निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि पोरगी सकाळपासून मोबाईल हातात घेऊन नुसती येरझाऱ्या घालत होती, जेवणावर पण लक्ष नाही. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला, आय ॲम ऑन टेंटरहुक्स. मला विचारते, "मामा, टेंटरहुक म्हंजे काय ओ?"

मला एकदम भरून आलं, कारण तिच्या आजोबांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, सगळं आयुष्य त्याच हुकांजवळ गेलं. इथे सोलापुरात प्रोसेस हाऊसला, म्हणजे कापड धुऊन रंगवायच्या कारखान्यात, ते स्टेंटर मशीनवर होते. कापड धुतलं, रंगवलं की आकसतं, पन्हा कमी होतो. मग दोन्ही काठ पिनांच्या चेनमध्ये धरून, ताणून, गरम हवेतून काढायचं. स्टेंटर हे टेंटरचंच रूप. इंग्लंडमध्ये लोकरीचं कापड धुऊन झालं की उघड्या मैदानात लाकडी चौकटींवर असंच ताणून वाळवायचे, ती चौकट म्हणजे टेंटर आणि तिचे वाकडे खिळे ते टेंटरहुक. लंडनला टेंटर ग्राउंड नावाची गल्ली आजही आहे. मुळात लॅटिन तेंदेरे, ताणणे. कापडाचा ताण माणसाच्या मनावर आला तो पुढे, 18व्या शतकापर्यंत ऑन टेंटरहुक्स, म्हणजे धाकधुकीत वाट बघत असणं, हा वाक्प्रचार रुळला होता.

मग काय, आम्ही दोघं शब्दच काढत बसलो. सस्पेन्स म्हणजे लॅटिनमध्ये टांगून ठेवणं, आणि आपण म्हणतो जीव टांगणीला लागला! हे कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, पण वाट बघणाऱ्या माणसाला तिकडेही लटकल्यासारखं वाटलं आणि इकडेही, मला हे फार मोठं वाटतं. एक्स्पेक्टचंही तसंच, एक्स म्हणजे बाहेर आणि स्पेक्तारे म्हणजे बघणं, दारातून बाहेर बघत राहणं. आपल्या अपेक्षा आणि प्रतीक्षा दोन्हीत ईक्ष् आहे, बघणंच. आणि गंमत म्हणजे ते स्पेक् आणि संस्कृतातलं पश्यति एकाच जुन्या धातूपासून आलेत.

वेट हा शब्द मला आधी अगदी साधा वाटायचा. पण तो जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे अर्थ पहारा देणं, जागत राहणं, वॉच आणि वेक त्याचे नातेवाईक. म्हणजे अण्णांची रात्रपाळी असली की आई जागी राहायची, सायकलचा आवाज आला की मगच भाकरी तव्यावर टाकायची, ते खरं वेट. आपलं वाट पाहणं पण डोळ्यांचंच काम आहे.

ॲन्टिसिपेट जरा वेगळा आहे, त्यात बघणं नाही. आन्ते म्हणजे आधी, कापेरे म्हणजे घेणं, गोष्ट यायच्या आधीच हातात घेणं. ईगर, आज उत्सुक, पण मुळात तिखट, आंबट, व्हिनेगरमधला एगर तोच. ॲन्क्शस, म्हणजे काळजीत असलेला, मात्र गळा आवळण्यावरून आलाय आणि त्याच मुळातून संस्कृतात अंहस् झालं, संकट. भाची म्हणाली, "मामा, मला आत्ता हेच होतंय, घास उतरंना." मी म्हटलं आपल्याकडे उत्कंठा आहे बघ, त्यातही कंठच, पण तो आवळलेला नाही, वर उचललेला, मान उंच करून बघणारा. मला हा शब्द त्या इंग्रजी शब्दापेक्षा जास्त आवडतो, त्यात भीती कमी आहे.

माझी बहीण घरी युनिफॉर्म शिवते. मी तिच्या मशीनजवळचा कापडाचा तुकडा उचलला आणि भाचीला काठ दाखवला. काठालगत स्टेंटरच्या पिनांची, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, एका रांगेत, सारख्या अंतरावर. आजपर्यंत तिने ती कधी बघितलीच नव्हती. बराच वेळ बोट फिरवत बसली, मग फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला, खाली लिहिलं, हे बघ टेंटरहुक, आमच्या आजोबांच्या मशीनचे.